कापूस निघाल्यावर पोरांनी काय करायचं?

फेब्रुवारीत शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली, की यवतमाळ-वाशीमकडच्या कोरडवाहू गावांत तरुण पोरांच्या हाताला काम उरत नाही. सोयाबीन तर ऑक्टोबरातच घरात आलेलं असतं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचा हरभरा-गहू मार्चपर्यंत चालतो, बाकीच्यांनी मृगाची वाट पाहायची. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात धानाची मळणी झाली की असाच काळ सुरू होतो आणि पार तेंदूपत्त्यापर्यंत ताणला जातो. शहरातल्या नोकरदाराला फुरसत संध्याकाळी दोन तास आणि रविवारी मिळते. आमच्याकडे ती महिनोन्‌महिने सलग येते आणि पेरणीच्या दिवसांत अजिबात येत नाही.

या वेळेचं काय करायचं हे अठरा ते पंचवीसच्या मुलामुलींना कोणी शिकवत नाही. घरी नाही, शाळेत नाही, कॉलेजात तर नाहीच. हे शिकवणं गावाचं सार्वजनिक काम आहे असं मी मानतो. त्यासाठी ग्रामपंचायतीनं थोडा पैसा, कॉलेजनं थोडा वेळ आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी बराच विश्वास खर्च केला पाहिजे. शिकवायचं म्हणजे ‘वेळेचं महत्त्व’ यावर व्याख्यान झोडायचं नाही. ती व्याख्यानं पोरं पाचवीपासून ऐकत आलीत.

संध्याकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही मोठ्या गावाच्या फाट्यावर, पानठेल्याजवळ थोडा वेळ उभं राहावं. ठेलेवाला सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना पन्नीत टाकून तळहातानं घोटत असतो. खर्रा घोटून होईस्तोवर चार पोट्टे जमतात. एक पुडी चौघांत. मग मोटरसायकलवर आडवे बसून जो तो आपल्या फोनमध्ये. एकाच्या फोनचा आवाज मोठा असतो, तोच सगळ्यांना ऐकू येतो, आणि दर पंधरा सेकंदांनी गाणं बदलतं. ‘काय करून राहिले रे?’ असं विचारलं तर ठरलेलं उत्तर: ‘काही नाही सर, बसून राहिलो.’ तासाभरानंही तेच चौघं तिथंच. त्यांच्या चेहऱ्यावर मजा दिसत नाही. मला खटकतं ते हे. पोरं बसलीत याचं मला काही वाटत नाही. पण बसूनही त्यांना बरं वाटत नाही.

या पोरांना आळशी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. यांतलीच दोन-तीन पोरं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर धावायचं असतं, त्याशिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. रस्त्याच्या कडेला चुन्यानं खुणा केलेल्या असतात, एक जण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो आणि कालच्यापेक्षा तीन सेकंद कमी झाले की सगळे ओरडतात. पायात धड बूट नसलेला पोरगा इतक्या काटेकोरपणे वेळ मोजतो. तोच पोरगा सकाळी आठनंतर दिवस कुठं गेला हे सांगू शकत नाही. म्हणजे शिस्त त्याच्यात आहे, ताकद आहे, चारचौघांत मिळून काही करण्याची हौस आहे. त्याला उद्देश, जागा आणि सोबत मिळाली तेवढाच तास त्यानं जिंकला. उरलेल्या दिवसाला यांतलं काहीच मिळालं नाही.

त्यात भरतीची वाट पाहणं हे एक वेगळंच ओझं आहे. जाहिरात कधी निघेल, पेपर कधी होईल, निकाल कधी लागेल, काहीच ठरलेलं नसतं. अशा पोरानं दुपारी कबड्डी खेळली तर घरात बोलणी बसतात: अभ्यास सोडून खेळतो. भजनाला गेला तर, आत्तापासूनच म्हातारा झाला का. पण पुस्तक उघडं ठेवून त्याच्या आडून तीन तास फोन पाहिला तर कोणी काही बोलत नाही, कारण तो ‘अभ्यासाला बसलाय’. आपणच त्याला खेळ सोडून फोनकडे ढकलतो. मोकळ्या वेळात उघडपणे, बिनदिक्कत काही आवडीचं करायची परवानगी या वयाला आपल्याकडे नाही. आई-बापाच्या डोळ्यांसमोर कामाचं सोंग चालतं, आनंद मात्र लपून करावा लागतो. लपून करायच्या गोष्टी चांगल्या शिकता येत नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. ‘आधी हाताला काम द्या, कापसाला भाव द्या, मग फुरसतीचं बोला.’ काम आणि भाव मिळालाच पाहिजे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण ते मिळेपर्यंतचे महिने पोरं जगतच असतात. व्यसन त्याच महिन्यांत लागतं, कर्ज काढून जुगार त्याच महिन्यांत होतो, मित्रांशी वाकडं त्याच महिन्यांत येतं. आणि काम मिळालं म्हणजे हा प्रश्न मिटतो असंही नाही. पुण्याकडे कंपनीत लागलेली आमच्या भागातली पोरं सुट्टीचा दिवस खोलीत पडून कसा काढतात, हे त्यांच्याशी बोललं की कळतं. घरी ते शिकले नव्हते, तिथं शिकवणार कोण?

दुसरा उपाय सांगितला जातो तो बंदीचा. विदर्भाला बंदीचा अनुभव दांडगा आहे. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला लागू झाली आणि २०२१ ला उठली. त्यासाठी बाया रस्त्यावर उतरल्या आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली, तीही मला योग्यच वाटते. पण दुकान बंद झालं म्हणून संध्याकाळचे सात वाजायचे थांबत नाहीत. सातला कुठं जायचं याचं उत्तर बंदीच्या कायद्यात नसतं. ते गावानं द्यायचं असतं आणि ते देण्याची आपली सवय तुटली आहे.

ती सवय होती. झाडीपट्टीत अजूनही थोडी आहे. दिवाळीनंतर धान निघाला की भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत नाटकं सुरू होतात. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि तांबडं फुटेस्तोवर प्रयोग चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे नाटक कंपन्यांचं ठाणं. आज बहुतेक ठिकाणी नट बाहेरचे येतात, पण प्रयोग लावतं ते गावातलं मंडळ. कंपनीशी बोलणी, तारीख धरणं, परवानगी, मंडप, तिकीट, पाहुण्यांची जेवणं, पाऊस आला किंवा तिकीट खपलं नाही तर तोटा कसा भरायचा, हे सगळं मंडळाची पोरं करतात. विशीतल्या पोराला हजारोंच्या हिशेबाची वही हातात मिळते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक अशी जुनी जोडी. शंकरपटावर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत पट नव्हता, तरी नाटकं लागतच राहिली. नाटक लावायचं कसं हे एका पिढीनं दुसऱ्या पिढीला हाताला धरून शिकवलेलं होतं, म्हणूनच ते टिकलं.

दंडार या झाडीपट्टीतल्या लोकनाट्यातही तसंच. आधी पोरगा नुसता मागं उभा राहतो, मग झांज हातात येते, एखाद्या वर्षी कोणी आजारी पडतं आणि त्याला अंगावर साडी चढवून पुढं ढकलतात. तिथून तो शिकतो. भजनी मंडळात खंजिरी अशीच शिकली जायची. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. तिची भक्तीची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते: संध्याकाळची ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि अमका आज आला नाही हे दुसऱ्याच्या लक्षात येणं. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ ला उभं राहिलं, १९३६ ला तिथले खेळाडू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आले. खेळ ही शास्त्रशुद्ध शिकवायची गोष्ट आहे, हे आमच्या भागाला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

पण जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. पारावर बसायला सगळ्यांनाच मुभा नव्हती. मंडळात कोणाला घ्यायचं, कोणाकडून फक्त वाजवून घ्यायचं, हे जात ठरवत होती. म्हणूनच १९५६ नंतर विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत उभ्या राहिलेल्या बुद्धविहारांचं मला मोल वाटतं. वस्तीनं वर्गणी काढून खोली बांधली, दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून पुस्तकं आणली, कित्येक विहारांत संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात, जयंतीच्या कार्यक्रमाची तयारी महिनाभर तीच करतात. फावला वेळ मिळून कसा वापरायचा याचा आजचा धडा घ्यायचा तर तो अशा विहारातून घ्यावा. गावातल्या इतर वस्त्यांना त्यांच्याकडून शिकायची लाज वाटायचं काही कारण नाही.

आज गावात कार्यक्रम कमी झालेत का? नाही, वाढलेत. गणपती आहे, शारदा आहे, दहीहंडी आहे, हिवाळ्यात डे-नाईट कबड्डी आहे, उन्हाळ्यात टेनिस बॉलची टुर्नामेंट आहे. फरक इतकाच की, आता डीजे भाड्यानं येतो, मंडप भाड्यानं येतो, पहिलं बक्षीस एका नेत्याकडून, दुसरं दुसऱ्या नेत्याकडून, आणि बॅनरवर पोरांचे फोटो नेत्याच्या फोटोखाली ओळीनं. पोरांच्या वाट्याला नाचणं, टाळ्या वाजवणं आणि बॅनर बांधणं येतं. पैसा कुठून आला आणि कुठं गेला हे त्यांना कळत नाही. शिकण्यासारखं जे होतं ते सगळं दुसऱ्या कोणीतरी करून टाकलेलं असतं.

आता मुलींकडे येतो, कारण वरचं सगळं मी पोरांबद्दलच लिहिलं आहे आणि गावातल्या बहुतेक चर्चा तिथंच संपतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. हे देशाचे आकडे आहेत. बारावी झालेल्या गावातल्या मुलीचा दिवस पाहिला की ते खरे वाटतात. सकाळी नळ येईल तेव्हा पाणी भरायचं, सडा, भांडी, भाकरी, आई वेचणीला गेली असेल तर लहान भावंडाचा डबा, दुपारी कपडे, चारला पुन्हा चहा आणि संध्याकाळचा स्वयंपाक. तिलाही मोकळा वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांत, आणि त्यातला प्रत्येक तुकडा कोणाच्याही हाकेनं मोडतो. कापूस निघाल्यावर भावाचं काम थांबतं, तिचं थांबत नाही.

लहानपणी तिच्या वाट्याला भुलाबाई असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी जायचं, गाणी म्हणायची, डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. गावानं मुलींना दिलेला हा हक्काचा वेळ. पण मुलगी आठवी-नववीत गेली की ‘आता मोठी झाली’ म्हणून तोही बंद, आणि त्याच्या जागी दुसरं काही येत नाही. भावाला त्याच वयात मोटरसायकल शिकवतात.

म्हणून तरुणांना फावला वेळ वापरायला शिकवायचं तर पहिला धडा मुलांना घरकामाचा द्यावा लागेल. ज्या घरात भाऊ पाणी भरतो आणि आपलं ताट आपण धुतो, त्या घरात बहिणीला दुपारचा सलग तास मिळतो. तो तास आधी मोकळा होऊ द्या, मग तिला छंदाचं सांगा. ही वाटणी टाळून वाचनालय उघडलं, मैदान केलं, तरी ते मुलांचंच होणार. वेळही तशीच ठरवावी लागते. वाचनालय संध्याकाळी सात ते नऊ उघडं ठेवलं की मुलगी येऊ शकत नाही. तेच दुपारी दोन ते चार ठेवलं की येते, दोघी-तिघी मिळून येतात. एका गावात एवढाच बदल केला तर रजिस्टरवर मुलींच्या सह्या दिसू लागल्या. पुस्तकं तीच होती.

वाचनालयाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अनुदान घेणारी छोटी वाचनालयं आमच्या खेड्यांतही आहेत. काही फार चांगली चालतात. काही ठिकाणी कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधायलाच दुपार जाते. अशा ठिकाणी मी एकच सुचवीन: किल्ली एका मुलीकडे आणि एका मुलाकडे द्या, दर तीन महिन्यांनी ती बदला, आणि नवी पुस्तकं कोणती घ्यायची हे त्यांना ठरवू द्या. त्यांनी भरतीची गाईडं मागवली तर मागवू द्या. पुढच्या वेळी एखादी कादंबरीही येईल. हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब त्यांनीच द्यायचा.

कॉलेजांपाशी राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ पासून. दोन वर्षांत २४० तास आणि खेड्यात सात दिवसांचं शिबिर. शिबिरात रस्ता झाडणं, शोषखड्डा खोदणं होतं, ते चांगलंच. पण सहापासून रात्रीपर्यंतचा सगळा कार्यक्रम सर आखतात. त्यातल्या दोन संध्याकाळी पूर्ण मोकळ्या ठेवून ‘तुम्ही ठरवा’ म्हणून पाहावं. पहिली संध्याकाळ वाया जाईल. पोरं फोन काढतील, अंताक्षरी करतील, दोघं रुसतील. दुसऱ्या संध्याकाळी कोणीतरी वही काढतो. याच मुलांकडून एक आठवडा दिवसाची नोंद लिहून घ्यावी: केव्हा उठलो, काय केलं, कशानं बरं वाटलं. ती तपासायची नाही, गुण द्यायचे नाहीत, वर्गात नाव घेऊन वाचायची नाही. दोघादोघांनी एकमेकांना दाखवायची, एवढंच. आपला वेळ पहिल्यांदा डोळ्यांसमोर कागदावर पाहणं हाच मोठा धडा असतो. त्यावर मास्तरनं आपली टिप्पणी जोडली की पुढच्या आठवड्यात सगळे खोटं लिहितात.

इथं एक सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. मोकळा वेळ म्हटलं की योजना आखणाऱ्यांना लगेच ‘कौशल्य विकास’ आठवतो. शिलाई, मोबाइल दुरुस्ती, संगणकाचा कोर्स. हे सगळं हवं, पण ते काम आहे, त्याला कामच म्हणावं. महिनाभर वाकून कापूस वेचलेल्या पोरीला दुपारी निंबाखाली नुसतं पडायचं असेल तर तो तिचा हक्क आहे, त्यातून काही उत्पन्न निघालंच पाहिजे असं नाही. वेळ वापरायला शिकणं म्हणजे प्रत्येक तास भरून टाकणं नव्हे. कशानं खरा आराम मिळतो, कशानं नुसती मान दुखते, आणि कशासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावंसं वाटतं, हे स्वतःचं स्वतःला कळू लागलं की बरंच शिकून झालं. रीलही पाहावी. पण भजनाला शेवटचा अभंग असतो, कबड्डीला शिट्टी असते, नाटकावर पडदा पडतो. फोनवर असं काहीच नसतं, शेवट आपण ठरवावा लागतो. तो ठरवायची सवय ज्याला दुसरीकडे कुठं लागली नाही, त्याला फोनपाशी ती एकट्यानं लागेल अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

वडीलधाऱ्यांना सगळ्यात अवघड जाईल ते पोरांना चुकू देणं. पोरांनी बसवलेलं नाटक फसेल, टुर्नामेंटच्या हिशेबात तूट येईल, मुलींनी काढलेल्या सहलीची गाडी वेळेवर येणार नाही. त्या वेळी ‘म्हटलं नव्हतं?’ म्हणत वही ओढून घेण्याचा मोह होतो. वही त्यांच्याकडेच राहू द्यावी. तूट लहान असेल तर ग्रामपंचायतीनं भरावी आणि कशी आली हे त्यांनाच सगळ्यांसमोर सांगू द्यावं.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा करते आणि तो ग्रामसभेपुढं येतो. त्यात नाली असते, पथदिवे असतात, तरुणांच्या मोकळ्या वेळासाठी वेगळी ओळ मी फारशी पाहिलेली नाही. ती आली पाहिजे, आणि तिच्या खर्चाची समिती पंचवीसच्या आतल्यांची, निम्म्या मुलींची असली पाहिजे. अडचण एकच: पुढच्या वर्षाच्या आराखड्याची बोलणी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आसपास सुरू होतात. तेव्हा सोयाबीनची कापणी जोरात असते, पोरंपोरी शेतात असतात आणि ग्रामसभेत आम्ही म्हातारेच बसलेले असतो. तेव्हा मागण्यांची यादी त्यांच्याकडून मोकळ्या महिन्यांतच, १ मेच्या ग्रामसभेत, लेखी घेऊन ठेवावी आणि ऑक्टोबरात ती जशीच्या तशी वाचावी. यादीत फार मोठं काही निघत नाही. मैदानावर दोन ट्रॉल्या माती, वाचनालयात पंखा, मुलींसाठी दुपारची वेळ आणि चालू स्थितीतला संडास, खंजिऱ्यांना नवं कातडं, आणि किल्ली.